झोप लागताना अंग झटक्याने उडते: काय तपासावे, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबावे

डोळा लागतो न लागतो तोच पाय जोरात उडतो, सगळे अंग दचकते, विहिरीत पडल्याचा भास होतो आणि छाती धडधडत माणूस पुन्हा टक्क जागा होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करताना ही तक्रार मी दर हंगामात ऐकत आले आहे. रात्रीचे ओलित आणि रानडुकरांसाठीची जागल सुरू झाली की ती वाढते. येणाऱ्याच्या मनात लकवा, मिरगी किंवा हार्ट अटॅक यांपैकी एक भीती असते आणि बहुतेकांना यांतले काहीही झालेले नसते. तरीही सर्वांना एकच उत्तर देऊन घरी पाठवता येत नाही, कारण थोड्यांच्या बाबतीत हाच झटका दुसऱ्या आजाराची खूण असतो. म्हणून मी ज्या क्रमाने विचारपूस आणि तपासणी करते, तो क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी लक्षणे नीट ओळखा

साधा झटका झोपेच्या उंबरठ्यावर येतो, म्हणजे जाग संपत असताना आणि झोप पुरती लागलेली नसताना. तो क्षणभरात संपतो. बहुधा एकच असतो, कधी दोन-तीन लागोपाठ येतात. पाय, हात किंवा सगळे अंग उडते. सोबत पडल्याचा भास, डोळ्यांपुढे लख्ख उजेड किंवा तोंडातून निघालेला हुंकार असू शकतो. त्यात दुखत नाही, शुद्ध जात नाही, आणि झटक्यानंतर माणूस लगेच नीट बोलू शकतो. वैद्यकीय भाषेत याला हिप्निक जर्क म्हणतात. साधारण 60 ते 70 टक्के माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी येतो. मात्र तो रोज रात्री येऊ लागला आणि झोपच लागू देईनासा झाला, की त्याची तक्रार होते.

झोपेत शिरताना मेंदूच्या बुंध्यातील जागेपणाची यंत्रणा मंदावते आणि स्नायू सैल पडतात. हा बदल दर वेळी अलगद होतोच असे नाही. ओलिताची मोटार बंद करताना पाइपात एक धक्का बसतो, त्याने मोटार बिघडली असे आपण म्हणत नाही. हा झटकाही बराचसा त्याच जातीचा आहे. शरीर जितके थकलेले आणि मेंदू जितका उत्तेजित, तितका हा बदल खडबडीत होतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

यासारख्या दिसणाऱ्या काही तक्रारी वेगळ्या असतात आणि त्यांचा मार्गही वेगळा असतो. पोटरीत कळ येऊन गोळा आला, तर तो पेटका आहे, झटका नव्हे. संध्याकाळपासून पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि उठून चालले की बरे वाटते, तर तो अस्वस्थ पायांचा आजार असतो, ज्यामागे अनेकदा लोहाची कमतरता सापडते. झोप लागल्यानंतर दर 20 ते 40 सेकंदांनी अंगठा आणि पाऊल वर ओढले जाते आणि हे त्या माणसाला नाही, तर शेजारी झोपलेल्याला कळते, तो प्रकार तिसरा. आणि शाळा-कॉलेजच्या वयातील मुलाचे हात सकाळी उठल्यावर उडत असतील, हातातला कप किंवा ब्रश सुटून पडत असेल, तर ती अपस्माराची, म्हणजे मिरगीची, एक ओळखीची सुरुवात आहे; त्यासाठी पुढच्या पायऱ्या करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

ही लक्षणे असतील तर घरचे उपाय नकोत

फवारणीच्या हंगामात मी या मुद्द्यावर सर्वांत कडक असते. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे मृत्यू झाले, ते या भागात कोणी विसरलेले नाही. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी औषधे कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात आणि स्नायूंना सतत चेतवत ठेवतात. त्यामुळे पापणी, जीभ, दंड, पोटरी यांतले स्नायू जागेपणीच बारीक बारीक फडफडतात. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी फवारणी केलेली असेल आणि सोबत घाम, तोंडाला पाणी सुटणे, डोळ्यांतून पाणी, मळमळ, उलटी, जुलाब, धूसर दिसणे, बाहुली बारीक होणे किंवा दम लागणे यांतले काही असेल, तर ‘झोपला की बरा होईल’ असे म्हणून त्या माणसाला झोपवू नये. कपडे काढून साबणाने अंग धुवावे, धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या वापराव्यात, औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत घ्यावे आणि 108 ला फोन करावा. उपचारानंतर बरे वाटू लागल्यावरही 1 ते 4 दिवसांत मान उचलता न येणे किंवा श्वास अपुरा पडणे असा दुसरा टप्पा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी सांगण्याआधी दवाखान्यातून घरी आणण्याची घाई करू नये.

याशिवाय पुढील प्रकारांत त्याच दिवशी दवाखाना गाठावा: झटक्यासोबत शुद्ध जाणे, जीभ चावली जाणे, लघवी सुटणे, एकाच बाजूचा हात किंवा पाय वारंवार उडणे किंवा लुळा पडणे, तापात झटके येणे, जखम झाल्यानंतर जबडा आवळणे, आणि आवाजाने किंवा स्पर्शाने अंग ताठ होणे, जी धनुर्वाताची खूण आहे. तान्ह्या बाळाचे हातपाय फक्त झोपेत उडत असतील आणि जागे करताच थांबत असतील, तर ते बहुधा साधे असते. परंतु 3 ते 12 महिन्यांचे बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक असे मान झुकवून हात फेकत असेल, तर त्याचा व्हिडिओ घेऊन लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण त्या आजारात उशीर बाळाच्या बुद्धीच्या वाढीला महाग पडतो.

यांतले काहीही नसेल, तरच पुढे वाचावे.

पहिली तपासणी: आठवडाभराची नोंद

याला एक वही पुरते. झटका किती वाजता आला, त्या दिवशी शेवटचा चहा आणि शेवटचा खर्रा केव्हा झाला, आदल्या रात्री झोप किती झाली, दिवसभर कोणते काम केले, आणि कोणती गोळी घेतली, एवढेच लिहावे. झटका झोपेच्या उंबरठ्यावरच येतो की जागेपणी बसल्या-बसल्याही येतो, हे नोंदवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. साधा झटका आणि तपासणीयोग्य झटका यांतली मुख्य रेघ तीच आहे. घरातल्या माणसाने मोबाइलवर एखादा व्हिडिओ घेतला, तर पुढे डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. एका वेळी एकच सवय बदलावी आणि तिला दोन आठवडे द्यावेत. सगळे एकदम बदलले, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

दुसरी तपासणी: चहा, खर्रा, मिसरी

चहातले कॅफिन निम्मे उतरायला साधारण 5 तास लागतात. संध्याकाळी 6 वाजता घेतलेल्या चहाचा निम्मा अंश रात्री 11 वाजता शरीरात असतोच. गरोदरपणात हा वेळ बराच लांबतो आणि माला-एनसारखी गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईतही तो जवळपास दुप्पट होतो. म्हणून ‘आमच्या घरी सगळेच रात्री चहा घेतात, मलाच का त्रास?’ या प्रश्नाला खरे उत्तर आहे. दुपारी 2 नंतर चहा बंद करून पाहावा. ज्यांना अनेक कपांची सवय आहे त्यांनी दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करावा, कारण एकदम सोडल्यास डोके दुखते आणि दोन दिवसांतच निर्धार मोडतो.

खर्ऱ्याबद्दल मात्र लोक सांगतच नाहीत, मला विचारावे लागते. त्यात तंबाखू आणि सुपारी असते, आणि दोन्ही मेंदूला चेतवतात. जागलीला बसलेला माणूस झोप येऊ नये म्हणून पहाटेपर्यंत खर्रा तोंडात धरतो आणि घरी येऊन आडवा होतो, तेव्हा निकोटिन उतरलेले नसते. झोपण्याआधी मिसरी घासण्याची सवय असलेल्या बायांचेही तेच होते. किमान झोपेआधीच्या 3 तासांत तंबाखू तोंडात नसावा, हे पहिले पाऊल. तंबाखू पूर्ण सोडणाऱ्याला सुरुवातीच्या काही रात्री उलट जास्त अस्वस्थ वाटते. तो सोडल्याचा त्रास असतो, काही आठवड्यांत ओसरतो. कर्करोगासाठी तंबाखू सोडा असे सांगितले तर माणूस पुढच्या वर्षावर ढकलतो, पण आज रात्रीच्या झोपेसाठी सोडा म्हटले की अनेक जण ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरी तपासणी: झोपेची उधारी

माझ्या मते आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. कृषिपंपांची थ्री-फेज वीज पाळीपाळीने दिवसा किंवा रात्री येते, आणि रात्रीची पाळी आली की आठवडाभर रात्री बांधावर काढाव्या लागतात. त्यात तूर आणि हरभऱ्यावर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांची धाड असते, म्हणून ओलित नसले तरी जागल असतेच. अपुऱ्या झोपेने मेंदू झोपेत शिरण्याची घाई करतो आणि ती घाईच झटके वाढवते. मग झटक्यांनी झोप आणखी कमी होते.

वीज केव्हा येईल ते आपल्या हाती नाही, पण बाकी बरेच आहे. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात शेतात जाण्यापूर्वी दीड तास झोपून घ्यावे. चहा घ्यायचाच असेल तर पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावा, पहाटे नाही. घरी आल्यावर मोबाइल पाहत न बसता अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर दुपट्टा घेऊन लगेच झोपावे आणि घरच्यांनी त्या चार-पाच तासांत कामासाठी हाक मारू नये. शेजारच्या शेतकऱ्यांनी जागलीच्या पाळ्या वाटून घेतल्या तर प्रत्येकाला आठवड्यात काही सलग रात्री मिळतात. ज्या शिवारांत लोकांनी हे केले, तिथून येणारी ही तक्रार कमी झालेली मी पाहिली आहे. पाळी संपलेल्या आठवड्यात मात्र उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. झोपण्याची वेळ मागेपुढे झाली तरी चालते, उठण्याची होऊ देऊ नये, कारण शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते.

संध्याकाळची दगदगही येथेच पाहावी. अंधार पडेपर्यंत गठ्ठे उचलून, जेवून, लगेच आडवे झाल्यास स्नायू अजून तापलेले असतात; मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, पाय धुवावेत, पोटऱ्या हळूहळू ताणाव्यात. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांवर गेल्यावर तापलेल्या खोलीत झोप उथळच लागते, म्हणून झोपण्याआधी अंगावर पाणी घेऊन मोकळ्या हवेत झोपावे. दिवसभर घाम गाळणाऱ्याने पाणी, ताक, मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. त्याने पेटके कमी होतात, झटक्यांवर त्याचा उपयोग थोडाच.

चौथी तपासणी: झटक्याची भीती

चहा-तंबाखू कमी झाले, झोपही बऱ्यापैकी होऊ लागली, तरी झटके थांबत नाहीत, अशा माणसाला मी विचारते की अंथरुणावर पडल्यावर मनात काय येते. उत्तर जवळजवळ ठरलेले असते: ‘आता येईल, आता येईल.’ झटक्याची वाट पाहणारा मेंदू पहाऱ्यावर असतो. झोप जवळ आली की तो पहारेकरी घाबरून उठवतो, छाती धडधडते, आणि त्या धडधडीत पुढचा झटका आणखी सहज येतो. पहिल्या कारणाला महिना उलटून गेला तरी ही साखळी स्वतःच्या बळावर चालू राहते.

ती तोडण्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे वरची लक्षणे तपासून ‘हा साधा झटका आहे’ अशी खात्री एकदा करून घेणे आणि झटका आल्यावर उठून बसणे, नाडी पाहणे, घरच्यांना उठवणे हे सोडणे. झटका आला, गेला, कूस बदलली, एवढेच. दुसरी गोष्ट श्वासाची: चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा-सात मोजत हळू सोडावा, कारण लांब उच्छ्वासाने छातीची धडधड उतरते. तिसरी गोष्ट स्नायूंची: पावलांपासून सुरू करून एकेक भाग पाच सेकंद आवळावा आणि सैल सोडावा, मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा. आधीच सैल केलेल्या स्नायूंना झोपेत शिरताना एकदम सैल पडावे लागत नाही. साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. घड्याळ पाहू नये.

भीती नेहमी झटक्याचीच असते असेही नाही. पीककर्ज, कापसाचा भाव, सावकाराचे व्याज, मुलीच्या शिक्षणाचा खर्च हे विषय दिवसभर कामाखाली दबतात आणि अंधारात वर येतात. संध्याकाळी, उजेडातच, ते वहीत लिहून प्रत्येकापुढे ‘उद्या काय करायचे’ एवढे एक वाक्य लिहिल्यास रात्री त्यांची धार कमी होते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर ही झटक्यांची तक्रार उरत नाही. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते, दिवसा आणि रात्रीही. आशाताईंना किंवा आम्हाला सांगितले तरी चालते. घरच्या माणसात ही लक्षणे दिसत असतील, तर त्याला एकटे जागलीला पाठवू नये आणि कीटकनाशके त्याच्या हाती लागतील अशी ठेवू नयेत.

पाचवी तपासणी: औषधे आणि दारू

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून उपकेंद्रात आणावीत. उदासीनतेवरील फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटालोप्रामसारखी औषधे, वेदनेवरील ट्रॅमाडॉल, दम्यावरील साल्ब्युटामॉल आणि थिओफिलिन यांनी झटके किंवा थरथर वाढू शकते. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी पायांची वळवळ वाढते. यांतली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, विशेषतः उदासीनतेची आणि मिरगीची; वेळ किंवा मात्रा बदलण्याचे काम डॉक्टरांचे आहे.

दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र ती घरीच एका दिवसात सोडू नये: शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत थरथर, घाम आणि फिट येऊ शकते. अशा माणसाने सोडायचे ठरवले असेल तर ती आनंदाची गोष्ट आहे आणि ती दवाखान्याच्या देखरेखीखालीच व्हावी.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलामसारखी ‘झोपेची गोळी’ आणू नये. चार रात्री बरे वाटते, मग गोळीशिवाय झोप येत नाही, आणि अचानक बंद केल्यावर झटके आधीपेक्षा जास्त येतात. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा या झटक्यांवर उपयोग होतो असा ठोस पुरावा नाही आणि मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना त्या अपायकारक ठरू शकतात.

सहावी तपासणी: रक्त

हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात तपासता येतात. बाईचे हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी किंवा पुरुषाचे 13 पेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय आहे. पायांची वळवळ असणाऱ्यांत हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून डॉक्टर फेरिटिन तपासायला सांगतात. लोहाच्या गोळीच्या आधी किंवा नंतर दोन तास चहा घेऊ नये, नाहीतर लोह नीट शोषले जात नाही. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलेले असेल तर शरीरात लोह आधीच जास्त असू शकते. म्हणून सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने वाढवू नयेत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेह्याला रात्री घाम येऊन थरथर होत असेल, तर त्या क्षणी साखर तपासावी आणि तपासण्याची सोय नसेल तर साखरेचे पाणी द्यावे. क्रिएटिनिन, कॅल्शियम, सोडियम आणि थायरॉइड या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात. मूत्रपिंड निकामी होऊ लागल्यावरही स्नायू उडतात, परंतु ते जागेपणीही उडतात आणि सोबत पायांवर सूज, भूक मंदावणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे असतात.

येथे थांबा

वरचे सगळे करून सहा आठवडे उलटले आणि झटके तरीही आठवड्यातल्या बहुतेक रात्री झोप मोडत असतील, ते जागेपणी येऊ लागले असतील, पोट आणि कंबर यांचे स्नायू आडवे पडताच पुन्हा पुन्हा उडत असतील, किंवा दिवसा ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवताना डुलकी लागत असेल, तर पुढचे काम मेंदूविकारतज्ज्ञांचे आहे. आमच्याकडून संदर्भचिठ्ठी घेऊन यवतमाळ किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात जाता येते. तिथे गरजेनुसार ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, आणि रात्रभर झोपेत केली जाणारी तपासणी ठरवतात. जाताना नोंदींची वही, मोबाइलवरचा व्हिडिओ, सर्व औषधांची पाकिटे, रक्ताचे अहवाल आणि त्या हंगामात फवारलेल्या औषधांची नावे सोबत न्यावीत. आणि शक्य असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसालाही न्यावे, कारण झटका आला तेव्हा काय झाले हे रुग्णापेक्षा त्यालाच अधिक नीट सांगता येते. डॉक्टरांनी क्लोनाझेपामसारखी गोळी थोड्या दिवसांसाठी दिली, तर ती सांगितलेल्या मात्रेतच घ्यावी, तिच्यासोबत दारू मुळीच घेऊ नये, दुसऱ्या दिवशी गुंगी नसल्याची खात्री झाल्याशिवाय थ्रेशरवर किंवा ट्रॅक्टरवर बसू नये, आणि ‘मलाही असेच होते’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या पाकिटातली गोळी देऊ नये.